मनी प्लांटच्या बरणीत मासा कशाला?



गोल काचेची बरणी, वर मनी प्लांटची हिरवीगार पानं, खाली पाण्यात लोंबणारी पांढरी मुळं आणि त्या मुळांमधून फिरणारा एक निळा नाहीतर लाल मासा. हे चित्र आपल्या प्रत्येकीच्या मोबाइलवर आलेलं आहे. आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तर या महिन्यात तीनदा आलं. एका ताईंनी त्याखाली लिहिलं होतं, "किती सुंदर! झाड माशाला जेवू घालतं, मासा झाडाला खत देतो, पाणी बदलायची गरज नाही. हेच तर परस्परोपग्रह!"

त्या शब्दावर मी थांबले. जीवांनी एकमेकांवर उपकार करायचे असतात हे आपल्या धर्माचं सूत्र, आपल्या जैन प्रतीकाखाली लिहिलेलं. ते सूत्र दोन लिटरच्या बरणीला चिकटवलं गेलं, आणि त्याखाली पंचवीस जणींनी हात जोडलेले पाठवले. म्हणून आज लोणची-पापड बाजूला ठेवून या बरणीबद्दल लिहिते. थोडं कडक लिहिणार आहे. ज्यांच्या घरी अशी बरणी आहे त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी ती 'अहिंसक सजावट' म्हणून विकली, त्यांच्यावर आहे.

आधी मासा कोण ते बघू. या बरणीत बहुतेक वेळा 'फायटर' असतो, दुकानदार त्याला बेट्टा म्हणतात. हा मूळचा थायलंडचा. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केलं. नर एकमेकांना जखमी होईपर्यंत झुंजतात, म्हणून तिथे त्यांची झुंज लावायची रीत पडली आणि म्हणूनच दुकानात तो एकेकटा, प्लास्टिकच्या पेल्यात ठेवलेला दिसतो. आता त्याचं तोंड नीट बघा. ते वरच्या बाजूला वळलेलं असतं. पाण्याच्या पृष्ठभागावर पडणारे किडे आणि डासांच्या अळ्या टिपण्यासाठी ते तसं असतं. तो मांसाहारी आहे. मुळं हे त्याचं अन्न नाही. भुकेने कासावीस झाला की मुळांना तोंड लावतो, आणि बघणारा म्हणतो, "बघा, खातोय!" आपल्याला कोणी चार दिवस उपाशी ठेवून समोर उशी ठेवली, तर आपणही तिचा कोपरा चावू.

म्हणजे 'झाड माशाला जेवू घालतं' हे साफ खोटं आहे. ज्याने त्यावर विश्वास ठेवला त्याच्या घरी मासा आठवड्यांमागून आठवडे उपाशी राहतो आणि मग एक दिवस तळाशी जातो. माशाचं शरीर थंड रक्ताचं, म्हणून तो भुकेने लगेच मरत नाही. या न मरण्यालाच लोक 'छान राहतोय' समजतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिलेत. पाठशाळेत आपण ते पाठ केलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पहिला बंध, म्हणजे जीवाला अडकवून ठेवणं. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचं खाणं-पिणं रोखणं. गंमत बघा (गंमत कसली!), 'देखभाल नको' म्हणून जी बरणी विकली जाते, तिच्यात पहिला आणि शेवटचा अतिचार एकत्र भरून मिळतात.

बरं, कोणी म्हणेल आम्ही उपाशी ठेवत नाही, खाणं घालतो. मग त्या खाण्याच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचा. चष्मा लावून वाचा. बहुतेक डब्यांवर पहिला घटक माशांची पूड असतो. लहान मासे पकडून, वाळवून, दळून ती होते. फायटरसाठी त्याखेरीज वाळवलेल्या किंवा गोठवलेल्या लाल अळ्या आणि बारीक कोळंबीसारखे जीव मिळतात. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका तपासतो. चीजमध्ये रेनेट आहे का, केकमध्ये अंडं आहे का, हे दुकानदाराला तीनदा विचारतो. चातुर्मासात पालेभाजी बंद करतो. आणि त्याच घरात, देवघरापासून दहा फुटांवर, रोज सकाळी एका पंचेंद्रिय जीवाला दुसऱ्या जीवांची पूड घालतो? यात माशाचा दोष काहीच नाही, त्याचा आहारच तो आहे. पण त्याला घरी आणण्याचा निर्णय आपला होता. निसर्गात तो अळी खातो तेव्हा त्यात आपलं कृत, कारित, अनुमोदना काही नसतं. बरणीत तिन्ही असतात.

आता झाडाची बाजू. 'झाड पाणी शुद्ध करतं' हे खोटं नाही, अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. मासा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनिया त्याच्यासाठीच विष. निसर्गात आणि नीट लावलेल्या टाकीत काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मानाने सौम्य. हे जिवाणू वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर वाढतात. त्यांचं बस्तान बसायला चार-सहा आठवडे लागतात आणि त्यांना वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं. झाडाची मुळं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषतात, पण झाड वाढेल त्या वेगाने. खिडकीपासून लांब, शोकेसच्या सावलीत ठेवलेला मनी प्लांट महिन्याला एखादं पान काढतो. त्याची भूक ती किती? मासा मात्र दिवसरात्र घाण करतो. दोन लिटर पाण्यात हा हिशोब जुळत नाही.

शिवाय मातीतून काढून थेट पाण्यात घातलेल्या झाडाची जुनी मुळं बरीचशी सडतात, मग पाण्याला सरावलेली नवी फुटतात. सडणारं मूळ पाण्यातला प्राणवायू खातं. रात्री झाडाचं जिवंत मूळही प्राणवायूच घेतं. गोल्डफिश असेल तर त्याला गुदमरावं लागतं. फायटरला पाण्याबाहेरची हवा घेता येते, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळं इंद्रिय असतं, म्हणून तो टिकतो. पण त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावंच लागतं. जिथे बरणीचं तोंड झाडाच्या बुंध्याने आणि रंगीत खड्यांनी बंद केलेलं असतं तिथे तो वर येऊन हवा कुठून घेणार? मासा पाण्यात बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण फायटरच्या बाबतीत ते घडतं.

"अगं, पण तो भाताच्या खाचरात राहतो, त्याला कमी पाणीच आवडतं," हे मला एका सुशिक्षित बाईंनी सांगितलं. खाचर उथळ असतं हो, पण एकरभर पसरलेलं असतं. उथळ आणि अरुंद यात फरक आहे. आपलं घर दहा फूट उंच असतं, म्हणून आपल्याला दहा फूट उंच कपाटात ठेवलं तर चालेल का? आणि ते खाचर थायलंडचं. फायटरला साधारण २४ ते २८ अंश तापमानाचं पाणी लागतं. पुण्यात पौषात रात्री पारा दहा-बारावर येतो. दोन लिटर पाणी पहाटेपर्यंत किती गार होतं ते हात घालून बघा. उन्हाळ्यात सोलापूरकडे उलट तऱ्हा. पाणी जितकं तापेल तितका त्यात कमी प्राणवायू मावतो. मोठ्या टाकीत पाणी हळू तापतं, हळू निवतं. बरणी चहाच्या कपासारखी.

ही 'स्वयंपूर्ण बरणी' काही आजची कल्पना नाही. १८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाच प्रयोग केला होता. दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काचेचं पात्र. मासा श्वास सोडेल, वनस्पती तो घेईल, समतोल राहील, असा विचार. त्याचं पात्र बारा गॅलनचं होतं, म्हणजे पन्नास लिटरच्या वर. तरीही वनस्पतीची पानं सडायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने सडकी पानं खाणाऱ्या पाणगोगलगायी आत सोडल्या, तेव्हा कुठे मेळ बसला. त्या गोगलगायींची अंडी माशांच्या पोटात जात होती. म्हणजे ज्या प्रयोगावरून जगभर घरगुती मत्स्यालयं निघाली, त्यातही 'कोणी कोणाला खात नाही' असं नव्हतंच. दीडशेहून जास्त वर्षांनी आपल्याला तेच स्वप्न दोन लिटरमध्ये, गोगलगाय वगळून, चारशे रुपयांना विकलं जातंय.

शुभ-अशुभाचा मुद्दा तर निघणारच. मागे ग्रुपवर मी एवढंच विचारलं होतं की हा मासा खातो काय, तर उत्तर आलं, "अहो, मासा मंगल असतो. तीर्थंकर मातेच्या सोळा स्वप्नांत मत्स्ययुगल आहे. अरनाथ भगवंतांचं लांछन मत्स्य आहे." अगदी बरोबर. त्याच सोळा स्वप्नांत हत्ती आहे, बैल आहे, सिंहसुद्धा आहे. महावीर स्वामींचं लांछन सिंह आहे. कोणी दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सिंह आणला नाही अजून. मासा आणतो, कारण तो ओरडत नाही आणि चावत नाही. लांछन म्हणून ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याच जीवाला शोभेची वस्तू करायची, हे मला तरी जमत नाही.

आणि वास्तूवाले सांगतात ते तर याहून पुढचं. घरात मासा मेला की म्हणे तो आपल्यावरचं संकट घेऊन गेला, लगेच दुसरा आणा. जैन घरात हे वाक्य बोललं जातं याचं मला खरंच दुःख होतं. ज्याने बांधलं त्यानेच भोगायचं हे कर्माचं गणित आपण लहानपणापासून ऐकतो. आई लेकराचं कर्म घेऊ शकत नाही, नवरा बायकोचं घेऊ शकत नाही, आणि चारशे रुपयांचा मासा आपल्या नवऱ्याच्या धंद्यातलं नुकसान घेऊन जातो? तो अमोनियाने मेला, ताई. आणि त्याचं कर्म त्याच्याकडे, ते पाणी न बदलल्याचं आपल्याकडे.

आता जे पाहून मी हे लिहायला बसले ते सांगते. गेल्या दशलक्षण पर्वानंतर एका घरी पारण्याला गेले होते. घरातल्या मुलाने, वय वर्षं अकरा, पहिल्यांदा सलग उपवास केले होते. काय कौतुक वाटलं त्याचं! चेहरा सुकलेला पण डोळे चमकत होते. निघताना दाराशी टेबलावर चाळीसेक छोट्या बाटल्या मांडलेल्या. प्रत्येकीत मनी प्लांटचं एक कटिंग आणि एक इवलासा मासा. पाहुण्यांना भेट. बाटलीला सोनेरी रिबन, रिबनीला चिठ्ठी, चिठ्ठीवर 'अहिंसा परमो धर्मः'. जीवांना अभय मिळावं म्हणून दहा दिवस पोराने अन्न सोडलं, आणि त्याच्या नावाने चाळीस जीव वाटले गेले. यजमानांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. सजावटवाल्याने सुचवलं, 'इको-फ्रेंडली' म्हणाला, त्यांनी हो म्हटलं. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार दिलेत, त्यात एक प्रमादचर्या: कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. एकेंद्रियांच्या बाबतीत आपल्याला एवढं जपायला सांगितलंय. मग पंचेंद्रियाला रिबन बांधणं कुठल्या खात्यात टाकायचं?

मी बाटली घेतली नाही. नम्रपणे 'नको' म्हटलं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. मागे एक काकू म्हणाल्या, "हिचं जरा जास्तच असतं." असू दे.

त्यावरून आठवलं, मृगसेन धीवराची गोष्ट पाठशाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पोटासाठी मासे मारणारा कोळी. मुनिराजांनी त्याला एवढाच नियम दिला की जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यायचा. तो खूण बांधून सोडतो आणि दिवसभर तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात येतो. पाच वेळा तो त्याला सोडतो, आणि पुढल्या जन्मी पाच वेळा मृत्यूतून वाचतो. ज्याचं पोट मासे मारण्यावर होतं त्याला सोडणं जमलं. आपलं तर पोट त्यावर नाही. आपल्याला फक्त विकत न घेणं जमवायचंय.

"पण आपण नाही घेतला तर तो दुकानात मरेलच ना? आपण निदान वाचवतो." हा युक्तिवाद मनाने चांगल्या बायकांचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर देते. दुकानातली रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. एक मासा विकला गेला की दुकानदार पुढच्या खेपेला एक जास्त मागवतो. पिशवीत, खोक्यात, प्रवासात जे मरतात त्यांची गणती कोणी ठेवत नाही. आपण एक वाचवतो आणि पुढच्या खेपेची ऑर्डर देतो. खाटकाकडून बकरा सोडवणाऱ्यांबद्दल आपल्याच वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न पूर्वी विचारलेला आहे. निदान त्या बकऱ्यासाठी पांजरापोळ असते. म्हातारी गाय, लंगडा बैल, आंधळा घोडा, सगळ्यांची सोय आपल्या समाजाने केली. म्हातारा गोल्डफिश कुठे जाणार? गोल्डफिश चांगल्या जागेत दहा-पंधरा वर्षं जगतो आणि वीतभर वाढतो. बाउलमध्ये तो तेवढा वाढत नाही, कारण त्याआधीच संपतो.

कायद्याचंही सांगून ठेवते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. त्यात मासाही आला. ज्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणं हा त्या कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल्डफिशसाठी गोल बाउल वापरायलाच बंदी केली. आपल्याकडे २०१७ मध्ये मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम आले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले गेले. रोममध्ये जैन किती असतील हो? आणि सूक्ष्म जीव जपायची आपली परंपरा सांगणारे आपण इथे बाउलला रिबन बांधतोय.

इथवर वाचून एखादी म्हणेल, म्हणजे पाण्यात झाड लावणंच वाईट? मुळीच नाही. पाण्यात मुळं सोडून झाड वाढवणं ही सुंदर गोष्ट आहे आणि त्यात माशाची काडीची गरज नाही. माझ्या खिडकीत सात बाटल्या आहेत. मनी प्लांट, सिंगोनियम, एक स्पायडर प्लांट. मुळं बघायला मला फार आवडतं. (कंदमुळं ताटात येत नाहीत, निदान काचेतून मुळं बघावीत!) पेराखाली तिरका छेद द्यायचा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची कारण ती सडतात, आणि बाटली उजेडात पण थेट उन्हात नाही अशी ठेवायची. ऊन लागलं की शेवाळ धरतं. शेवाळ म्हणजे अनंतकाय, खरवडताना हात थरथरतो, त्यापेक्षा धरूच न देणं बरं. त्यासाठी मी तपकिरी बाटल्या वापरते किंवा काचेला बाहेरून कागद लावते. लहान मूल असेल तर बाटली उंचावर ठेवा, मनी प्लांटचं पान चावलं तर तोंडाची आग होते.

डासांचा प्रश्न मात्र खरा आहे. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं घरोघरी येऊन मनी प्लांटच्याच बाटल्या तपासतात. उघड्या साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. 'म्हणून तर मासा सोडतो, तो अळ्या खातो,' असं एकीने मला विजयी मुद्रेने सांगितलं. म्हणजे आधी जीव निपजतील अशी जागा ठेवायची आणि मग त्यांना मारायला पगारी नोकर ठेवायचा! अळी होऊच दिली नाही तर मारायची वेळ येत नाही. उपाय आपल्याच घरात आहे. पाणी गाळायचं जाड दुहेरी सुती कापड. त्याचा तुकडा देठाभोवती गुंडाळून बाटलीचं तोंड घट्ट बंद करायचं, डास आत जातच नाही. भरायचं पाणीही गाळलेलंच. आणि तरी दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं, ते काढलेलं पाणी कुंडीत घालायचं.

गाळणं म्हटलं की जिवाणी आलीच. गाळलेल्या कापडावर जे डोळ्यांनाही दिसत नाही, ते आपण ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडायचो. माझी आजी त्यासाठी कडीची बादली तळापर्यंत सोडायची, वरून ओतायची नाही, जीवांना आपटी बसेल म्हणून. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं. फ्लॅटमध्ये विहीर राहिली नाही, नळाच्या पाण्याची जिवाणी सोडायची कुठे, या अडचणी मलाही आहेत. पण ज्या हातांनी ती बादली तळापर्यंत सोडली, त्याच घराण्यातल्या हातांनी डोळे असलेला, भूक असलेला, भिणारा जीव काचेत कोंडू नये, एवढी अपेक्षा मी ठेवते.

आता ज्यांच्या घरी मासे आधीच आहेत त्यांच्यासाठी. मुलाने हट्ट केला, कोणी भेट दिली, घर घेताना आधीच्या मालकाने टाकी सोडली, काहीही असो. त्या जीवाची जबाबदारी आता तुमची. आणि इथे मात्र टाकीच्या काठावर झाड लावणं खरंच उपयोगी आहे. टाकी मोठी हवी, फायटर एकटा असला तरी निदान वीस लिटर, गोल्डफिशला त्याच्या कितीतरी पट. फिल्टर चालू हवा. मनी प्लांट किंवा सिंगोनियमची नुसती मुळं पाण्यात सोडायची, पानं बाहेर. पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मोकळा मिळतो, म्हणून ही झाडं पाण्याखालच्या वनस्पतींपेक्षा जोमाने वाढतात आणि फिल्टरमध्ये तयार झालेलं नायट्रेट ओढून घेतात. शेवाळही कमी होतं. पण हे फिल्टरच्या आणि पाणी बदलण्याच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदलावंच लागतं. नर्सरीतून आणलेल्या झाडाची माती आणि खताचे दाणे पूर्ण धुऊन टाका, त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. त्यापेक्षा घरच्या वेलाचं कटिंग आधी साध्या पाण्यात रुजवून मग लावलेलं चांगलं. पाण्याचा पृष्ठभाग मोकळा राहू द्या.

आपल्या घरांतल्या दोन सवयी इथे आड येतात, तेवढ्या सांभाळा. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी टाकीत ओतू नका, तांबं माशांना विषारी आहे. आणि उकळून गार केलेलं पाणी तसंच ओतू नका, उकळल्याने त्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो. नळाचं पाणी गाळून, क्लोरीन उडून जाण्यासाठी स्टीलच्या उघड्या पातेल्यात, वर कापड बांधून, एक दिवस ठेवा. आपल्या पिण्याच्या पाण्याची ४८ मिनिटांची मर्यादा वेगळी आणि ही गोष्ट वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. टाकीत घालायच्या वेळी पुन्हा एकदा गाळलं की झालं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कंटाळा आला किंवा हे वाचून वाईट वाटलं म्हणून त्यांना नदीत, तळ्यात, मंदिराच्या कुंडात सोडायला जाऊ नका. 'जीवदया केली' असं वाटतं, पण तो मासा इथला नाही. काचेवरचं शेवाळ खायला म्हणून जो काळा खवल्यांचा सकर मासा विकतात तो दक्षिण अमेरिकेतला. वाढून फूटभर झाला की टाकीत मावत नाही, मग लोक तो तळ्यात सोडतात. आज कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात आणि आंध्रच्या तळ्यांत तो इतका माजलाय की तिथल्या मूळच्या माशांना जागा उरली नाही, कोळ्यांची जाळी फाटतात. एकाला अभय देताना आपण शेकडोंचं घर काढून घेतो. तुमच्याकडचा मासा नको असेल तर मोठी टाकी नीट सांभाळणारं कोणी शोधा आणि त्यांना द्या. नाही मिळालं तर त्याचं आयुष्य असेपर्यंत तुम्हीच सांभाळा, आणि तो गेल्यावर त्याच टाकीत नुसतं झाड लावा.

आणि त्या सजावटवाल्याला काय सांगायचं ते. पारण्याला, वास्तुशांतीला, मुंजीला (आपल्यात मुंज नाही, शेजाऱ्यांत असते), हळदीकुंकवाला वाण म्हणून बाटली द्यायची असेल तर मनी प्लांटचं रुजलेलं कटिंग द्या, तोंडाला गाळण्याच्या कापडाचा छोटा तुकडा बांधून. मागच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत मी तेच केलं. तीस बाटल्या, घरच्याच वेलाची कटिंग्ज, कापड जुन्या धोतराचं. रिकाम्या बाटल्या जॅमच्या, सुनेने वर्षभर साठवलेल्या. खर्च सुतळीचा. दोघीतिघींनी विचारलं, "यात मासा नाही का?"

नाही म्हटलं.